पुसल्या जाणाऱ्या रेघांचा बॅकअप

ज्योती भट्ट हे नाव वाचून कुणी बाई असतील असं वाटतं ना? पण हे गृहस्थ आहेत :) पूर्ण नाव ज्योतींद्र, जन्म १९३४, भावनगरचे. त्यांची दोन कामं प्रसिद्ध आहेत, प्रिंटमेकिंग आणि फोटोग्राफी. वरवर पाहिलं तर दोन वेगळे नाद. पण माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: काढलेली रेघ टिकवायची कशी?

आधी थोडा इतिहास. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ची. १९५० मध्ये तिथे ललित कला विभाग सुरू झाला आणि भट्ट अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. शिकवायला कोण, तर इंदूरचे ना. श्री. बेंद्रे. म्हणजे या गोष्टीत मराठी माणसाचा हात आहेच! पुढे भट्ट १९६१-६२ मध्ये इटलीत नेपल्सला आणि १९६४ ते ६६ न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. इंटाग्लिओ हे त्यांचं खास माध्यम. धातूच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या किंवा आम्लाने खोदायच्या, त्यात शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबून काढायचा. ठसा उलटा उमटतो, म्हणून पत्र्यावर अक्षरं काढायची तर उलटी काढावी लागतात. काम किचकट, पण एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात.

साठच्या दशकाच्या अखेरीस एका परिसंवादासाठी त्यांनी गुजरातमधल्या लोककलेचे फोटो काढले. काम तात्पुरतं होतं, पण ते सुटलंच नाही. पुढची कित्येक वर्षं ते गावोगाव हिंडले, कधी शिल्पकार मित्र राघव कनेरियांबरोबर. राजस्थानातले मांडणे, मातीच्या भिंतींवरचे मोर, दारापुढची रांगोळी, बायकांच्या हातांवरचं गोंदण, सगळं टिपलं.

आता गंमत बघा. पत्र्यावरची रेघ अनेक प्रतींसाठी असते, रांगोळी मात्र पुसली जाण्यासाठीच असते. सकाळी काढायची, संध्याकाळपर्यंत पायांखाली जाते. मातीची भिंत पावसानंतर पुन्हा सारवायची, चित्र पुन्हा काढायचं. ते चित्र टिकत होतं ते भिंतीवर नाही, हातात. आईच्या हातातून मुलीच्या हातात. भिंत सिमेंटची झाली, मुलगी शहरात गेली, की ही साखळी तुटते, आणि तुटली तरी आवाज होत नाही.

म्हणूनच भट्टांच्या फोटोंमधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांच्या कितीतरी फोटोंत नुसती नक्षी नसते. काढणारी बाई असते, दार असतं, पोरं असतात, एखादं जनावरही असतं. नक्षी तेवढी कापून घेतली असती तर कापडाच्या डिझाइनला उपयोगी पडली असती, पण ती कुणाच्या घरात, कुणाच्या हाताने उमटली हे कळलं नसतं.

अर्थात, फोटो म्हणजे जतन नव्हे. बरेचसे फोटो कृष्णधवल आहेत, त्यात गेरूचा तांबडा रंग हरवतोच. आमच्या धंद्यातलं बोलायचं तर बॅकअप घेतला म्हणून सिस्टीम चालू राहत नाही. ती चालवणारं कुणीतरी लागतं. पण बॅकअपच नसेल तर काय गेलं हेसुद्धा कळत नाही!

२०१९ मध्ये भट्टांना पद्मश्री मिळाली. एशिया आर्ट आर्काइव्हने त्यांचा बराच संग्रह डिजिटल केला आहे. एखाद्या रविवारी नक्की बघा.

आणि हो, येत्या दिवाळीत आजी किंवा आई रांगोळी काढत असेल तर मोबाइलवर नुसत्या रांगोळीचा फोटो काढू नका. तिचा हातही त्यात येऊ द्या. जमलं तर शेजारी बसून चार ठिपके तुम्हीही टाका. खरा बॅकअप तोच.