जेऊरच्या ग्रहणापासून सरस्वतीपर्यंत

  मागच्या काही भाषणांत आपण कर्जफेड, शेळीपालन, रेशनकार्ड असे विषय घेतले. आज इतिहास घेतलाय, आणि तो आपल्या शेजारच्या स्टेशनापासून सुरू होतो.

भिगवणहून सोलापूरच्या गाडीत बसलं की जिंती, पारेवाडी, वाशिंबे करत गाडी जेऊरला येते. करमाळा तालुक्यातलं हे गाव. आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर त्या बाजूला आहे. २२ जानेवारी १८९८ या दिवशी जेऊरच्या माळावर तंबू पडले होते, मोठमोठी यंत्रं उभी होती आणि सातासमुद्रापलीकडून माणसं आली होती. त्या दिवशी भर दुपारी सूर्याला पूर्ण ग्रहण लागणार होतं. चंद्राची सावली विजयदुर्गाच्या बाजूने कोकणात शिरली, घाट चढली, आपल्या इंदापूरच्या भागावरून जेऊरला गेली आणि पुढे विदर्भात. अंधार होता जेमतेम दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी महिनोन्‌महिने तयारी.

तिथे दोन मोठे तळ होते. एक अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचा. त्यांच्याकडे ४० फूट लांबीचा कॅमेरा होता, आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथही एवढ्या लांबच्या प्रवासात सोबत आल्या होत्या. दुसरा तळ पुण्याचा. त्याचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. हे पारशी गृहस्थ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायचे. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, आणि जिथे आपल्या गावातला एखादा पोरगा किंवा पोरगी लागली की पेढे वाटतात, तेच ते कॉलेज.

नायगमवालांना सूर्याचा नुसता फोटो नको होता. त्यांना सूर्याच्या उजेडाचे रंग सुटे करून हवे होते. हे काय प्रकरण आहे ते आधी चुलीपाशीच समजून घेऊ.

गॅसवर वरण उतू गेलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. ते मिठामुळे. मिठात सोडियम असतं आणि ते तापलं की नेमका तोच पिवळा उजेड देतं. तांबं ज्योतीत धरलं तर हिरवट रंग येतो. प्रत्येक पदार्थाचा रंग ठरलेला, जसा प्रत्येकीच्या अंगठ्याचा ठसा ठरलेला. उजेड काचेच्या लोलकातून पाठवला की रंगांचा पट्टा पडतो, त्याला वर्णपट म्हणतात. सूर्याचा वर्णपट बारकाईने पाहिला तर सात रंगांत मधेमधे काळ्या रेघा दिसतात. १८५९च्या सुमारास जर्मनीत किरखोफ आणि बुन्सेन या दोघांनी त्याचा उलगडा केला. तापलेलं सोडियम जो पिवळा रंग देतं, तोच रंग थंड सोडियमची वाफ वाटेत आली तर गिळून टाकते. म्हणजे काळी रेघ ही त्या पदार्थाची सहीच. सूर्यावर कुणी न जाता तिथे काय आहे हे कळायला लागलं.

१८ ऑगस्ट १८६८ला आपल्या देशात आणखी एक मोठं ग्रहण झालं होतं. तेव्हा फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेला त्यांना तेजस्वी रेघा दिसल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांनी आपल्या देशातूनच सूर्य तपासला. दोघांच्या निरीक्षणांतून एक पिवळी रेघ पुढे आली, सोडियमच्या जवळची पण सोडियमची नव्हे. लॉकियरनी त्या अनोळखी पदार्थाला हेलियम नाव दिलं. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ साल उजाडलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं आपल्याकडे पुष्कळदा सांगतात, दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही होतो. विजयदुर्गाचा मान मोठाच आहे, पण लॉकियर तिथे आले ते १८९८च्या ग्रहणाला, म्हणजे जेऊरच्याच दिवशी. १८६८ला ते भारतात नव्हते. दोन ग्रहणांची गाठ एकाच दोरीला बसली आहे. गटाच्या वहीत एका महिन्याचा हप्ता दुसऱ्या महिन्यात लिहिला तर आपण चालवून घेतो का? इतिहासातही घेऊ नये.

तर जेऊर. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या क्षणी एक गंमत होते. त्याच्या कडेचा पातळ थर तेवढा उघडा राहतो आणि सगळ्या काळ्या रेघा क्षणभर उजळतात. विजेसारख्या चमकून जातात. ती चमक नायगमवालांच्या पथकाने फोटोच्या काचेवर पकडली. त्याचा सविस्तर अहवाल १९०२ला छापला गेला.

ग्रहण म्हटलं की आपल्याकडे गरोदर बाईला आत बसवतात, विळी हातात देत नाहीत, पाणी पिऊ देत नाहीत. त्याच दिवशी विदर्भात तळणीला ॲनी माँडर नावाची बाई स्वतःचा कॅमेरा लावून उघड्यावर उभी होती. ॲनी लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत आकडेमोड करायला लागली होती. लग्न झालं म्हणून १८९५ला तिची नोकरी सुटली, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी कामावर ठेवायचं नाही असा तिकडचा नियम. नोकरी गेली तरी काम सोडलं नाही तिने. तळणीला तिने सूर्याच्या प्रभेतला जो लांब किरण टिपला, तसा त्याआधी कुणाच्या फोटोत आला नव्हता. म्हणून आम्हाला वाटतं, बाईला ग्रहणात काय करू नये याची यादी पाठ करायला लावणाऱ्यांनी हेही पाठ करावं. २ ऑगस्ट २०२७ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. नुसत्या डोळ्यांनी मात्र बघू नका. पिठाची चाळणी उन्हात धरा, तिच्या भोकांतून जमिनीवर चतकोर सूर्य पडतील, ते बघा.

नायगमवालांची वेधशाळा उभी कशी राहिली, तेही आपल्यासारखंच वर्गणीचं काम. १८८२ला भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले. नायगमवालांनी इंग्लंडला जाऊन तिथल्या जाणकारांचा सल्ला घेतला. १८८८ला पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा तयार झाली. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सगळ्यात मोठी.

या वेधशाळेतून नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला. तेजोमेघ म्हणजे आकाशातला धुरकट डाग. त्या काळी मोठा वाद चालू होता. अशा डागांच्या उजेडात एक ठळक हिरवी रेघ दिसायची. लॉकियर म्हणायचे ती मॅग्नेशियमची, तर एका अंगाने ती पुसट असायला हवी. दुसरे म्हणायचे, रेघ अगदी धारदार आहे. १८९१ला पुण्याहून उत्तर गेलं की रेघ धारदार आहे. लॉकियर मोठे साहेब, तरी जे दिसलं तेच लिहिलं. (ती रेघ ऑक्सिजनची होती हे १९२७ला कळलं.)

मग एवढं चांगलं चाललेलं काम थांबलं का? १९१२ला नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद केली. यंत्रं गाड्यांत भरून दक्षिणेत कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या जिवावर उभं केलेलं काम त्या माणसाबरोबर उठतं, हे आम्ही गटांतही पाहिलंय. चांगली सचिव सासरी गेली की वही बंद. पुण्यात दुसरी फळी नव्हती.

आणि वेळ बघा कशी. त्याच १९१२ साली अमेरिकेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानी नक्षत्रातल्या धुरकट डागाचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेघा नेहमीच्या जागेवरून निळ्या बाजूला सरकलेल्या होत्या. भिगवणला फलाटावर उभं राहून न थांबणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकली असेल. जवळ येताना ती बारीक, चढी लागते, पुढे गेली की जाड होते. उजेडाचंही तसंच. जवळ येणाऱ्याच्या रेघा निळ्याकडे, लांब जाणाऱ्याच्या तांबड्याकडे सरकतात. स्लायफरनी हिशेब केला. तो डाग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होता. पुढे एडविन हबल यांनी दाखवलं की तो डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी आकाशगंगाच आहे, अब्जावधी सूर्यांची. त्यांना दीर्घिका म्हणतात. १९२९पर्यंत हेही कळलं की बहुतेक दीर्घिका आपल्यापासून लांब चालल्यात, आणि जितकी लांब तितकी जास्त वेगात. म्हणजे रेघ किती सरकली यावरून अंतर काढता येतं. फूटपट्टीच हाताला लागली म्हणा.

दीर्घिका एकेकट्या राहत नाहीत, वस्ती करून राहतात. १९३३ला फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या एका समूहातल्या दीर्घिकांच्या रेघा मोजल्या. त्या इतक्या जोरात धावत होत्या की दिसणाऱ्या वजनाच्या ओढीने समूह टिकलाच नसता, कधीच पांगला असता. काहीतरी न दिसणारं वजन त्यांना धरून होतं. झ्विकींचं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७०ला व्हेरा रुबिन यांनी केंट फोर्ड यांच्या यंत्राने देवयानी दीर्घिकेचे तुकड्या-तुकड्याने वर्णपट घेतले. सूर्यापासून लांबचे ग्रह सावकाश फिरतात, तसं तिथे कडेचे तारे सावकाश फिरायला हवे होते. ते फिरत नव्हते. कडेचेही तितकेच पळत होते. तेव्हा न दिसणारं वजन मानावंच लागलं. या रुबिनबाई चार मुलांची आई. पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर बाईला रीतसर परवानगी मिळाली ती १९६५ला, आणि ती पहिली बाई याच.

पुण्यात हा धागा पुन्हा जोडला गेला १९८८ला. डॉ. जयंत नारळीकर यांनी विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था उभी केली. २००६ला घोडेगाव-जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर २ मीटर आरशाची दुर्बीण बसली, वर्णपट घेणाऱ्या यंत्रासकट. आणि २०१७ला आयुकाचे जॉयदीप बागची, पुण्याच्याच आयसरचे विद्यार्थी शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं की मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक अतिप्रचंड महासमूह सापडलाय. नाव ठेवलं सरस्वती.

तो सापडला कसा ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एका दुर्बिणीने लाखो दीर्घिकांचे वर्णपट घेऊन जगासाठी खुले ठेवलेत. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडायची, आकाशात जिथे दीर्घिका तिथे भोक. आपला रांगोळीचा ठिपक्यांचा कागद असतो ना, तसाच. मग एकेका भोकात माणसं हाताने काचतंतू खोचायची. एका पत्र्यावर ६४०. प्रत्येक तंतूतून एका दीर्घिकेचा उजेड खाली येऊन त्याचे रंग सुटे व्हायचे. पुण्याच्या मंडळींनी ही नोंद घेतली आणि कोण किती लांब आहे ते मांडलं. नुसत्या फोटोत जवळचं आणि लांबचं एकाच कागदावर दिसतं. रेघांवरून अंतर कळल्यावर त्या गर्दीत एक भिंत उभी राहिली. निदान ४३ समूह, आणि एकेका समूहात हजारांच्या घरात दीर्घिका. अंतर ४०० कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या पृथ्वीचं वय साधारण ४५० कोटी वर्षं धरलं तर तिच्या लहानपणी निघालेला तो उजेड. पसारा ६० कोटी प्रकाशवर्षांचा, वजन सुमारे २ कोटी अब्ज सूर्यांइतकं.

नवीन दुर्बीण न बांधता, कुणीतरी नीट लिहून ठेवलेल्या नोंदींतून हे निघालं. नोंद ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या काही सचिवताईंनी हे वाक्य दोनदा ऐकावं, नाव घेत नाही!

आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, हेच काम रेडिओवरही चालतं. तिथे ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या आहेत, तारा ताणून बाजेसारख्या विणलेल्या, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतल्या. हायड्रोजनची एक रेघ उजेडात नसून रेडिओच्या लहरीत असते, लांबी २१ सेंटिमीटर. तुम्ही आत्ता काटा फिरवून आमचं स्टेशन लावलंत, तसे ते दूरच्या दीर्घिकांच्या हायड्रोजनवर काटा लावतात. २०२३च्या जानेवारीत जाहीर झालं की ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची अशी खूण तिथे पकडली गेली.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतं आणि गावोगावची माणसं, शाळेची पोरं ते बघायला येतात. पुढच्या खेपेला प्रभाग संघाच्या बैठकीत गाडीचा विषय घेऊ. ज्यांना यायचंय त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्यावं. पोरींना आणा, सासूबाईंना आणा. डबा घरूनच घ्या. तबकड्यांच्या जवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो, त्या लहरींपुढे आकाशातला आवाज फार बारीक असतो, म्हणून घरी आधीच सांगून ठेवा की दिवसभर फोन लागणार नाही.