वऱ्हाडातील रिपब्लिकन राजकारण : अकोला आणि अमरावतीच्या दोन वाटा

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष अल्पावधीतच गटातटांत विभागला गेला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र काँग्रेसशी झालेल्या समझोत्यामुळे महाराष्ट्रातून या पक्षाचे चार नेते खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. त्यांपैकी दोघे वऱ्हाडातील : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर व अमरावतीतून रा. सू. गवई.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. १९९९ मध्ये अमरावतीत शिवसेनेचे अनंत गुढे विजयी झाले, तर आंबेडकरांनी अकोला राखले. केवळ काँग्रेसच्या मदतीने या फरकाचा उलगडा होत नाही. गवई यांचे राजकारण प्रामुख्याने काँग्रेसशी होणाऱ्या तडजोडींवर आधारलेले होते. याउलट अकोल्यात भारिप-बहुजन महासंघाने बौद्ध मतदारांबरोबर माळी, धनगर, बंजारा, आदिवासी अशा समूहांना जोडले आणि जिल्हा परिषद व पंचायत समित्यांतून त्यांना उमेदवारी दिली. सत्तेबाहेर राहिलेल्या लहान जातींतील कार्यकर्त्यांना कारभाराचा अनुभव मिळाला, हे ‘अकोला पॅटर्न’चे खरे योगदान होय. (या नावाचा गवगवा झाला, तेवढा त्याचा अभ्यास झाला नाही.)

या प्रयोगाला मर्यादाही होत्या. २००४ पासून सलग चार वेळा भाजपचे संजय धोत्रे अकोल्यातून लोकसभेवर गेले. २०२४ मध्येही आंबेडकर पराभूत झाले. तथापि २०२० च्या जिल्हा परिषद निवडणुकीत त्यांची वंचित बहुजन आघाडीच अकोल्यात सर्वांत मोठा पक्ष ठरली.