दुरुस्तीची मुभा

यंत्राच्या उदरात बसून, स्वतः दृष्टीस न पडता, त्याच्याकडून नेमून दिलेले काम करून घेणारा जो संगणक, ज्याला अभियंते एम्बेडेड प्रणाली म्हणतात, त्याचा इतिहास सांगणारे बहुधा वेगाचा आणि आकाराचा हिशेब मांडतात. मला मात्र या विद्येची खरी वाटचाल, एकदा यंत्राला दिलेली आज्ञा चुकली तर ती फिरविण्यास काय मोल पडे, या एकाच बाबीत दिसते.

अपोलो यानांतील मार्गदर्शक संगणकात हे मोल जवळजवळ अपरिमित होते. एमआयटीच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेली आज्ञावली वॉल्थम येथील रेथिऑनच्या कारखान्यात जाई आणि तेथील स्त्री-कामगार ती अक्षरशः विणीत. चुंबकीय कड्यातून तार ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य, अशा रीतीने ३६,८६४ शब्दांची स्थायी स्मृती तयार होई. विणकामास कित्येक आठवडे लागत, म्हणून मसुदा उड्डाणाच्या बराच आधी कायम करावा लागे आणि मग तो उसविण्याची सोय नसे. १९७१ च्या फेब्रुवारीत अपोलो १४ चे अवतरणयान चंद्राभोवती फिरत असता, मोहीम रद्द करण्याची कळ कोणी न दाबताच इशारा देऊ लागली. तेव्हा डॉन आयल्स या तरुण प्रोग्रामरने, विणलेल्या आज्ञांना हात लावणे अशक्य म्हणून, अवघ्या २,०४८ शब्दांच्या पुसण्याजोग्या स्मृतीतून पळवाट काढली, आणि ती अंतराळवीरांनी कळा दाबून संगणकात भरली. या विद्येच्या दप्तरात याहून सुंदर दुरुस्ती मला आढळलेली नाही.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. इंटेलने बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी घडविलेली ४००४ ही चिप नोव्हेंबरात बाजारात आणली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी, बिघडलेल्या चिपांची कारणे शोधता शोधता, अतिनील प्रकाशाने पुसता येणारी ईप्रॉम स्मृती निर्माण केली, तिचे महत्त्व माझ्या मते कमी नाही. तोवर आज्ञा बहुधा चिपच्या घडणीतच कोरल्या जात. एक चूक राहिली तर अख्खी खेप वाया. आता क्वार्ट्झच्या खिडकीखालील चिप दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवली की कोरी होऊ लागली, आणि खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावणे हा प्रयोगशाळांचा शिरस्ता झाला.

१९८० साली आलेल्या इंटेलच्या ८०५१ या चिपमध्ये चार किलोबाइट आज्ञा आणि १२८ बाइट विदा एवढाच संसार होता, तरी आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पिढ्या त्याच्यावर शिकल्या. त्याची विजेनेच पुसली जाणारी आवृत्ती ॲटमेलने १९९३ मध्ये काढली, मायक्रोचिपची १६सी८४ त्याच वर्षीची, आणि दिव्याची गरज सरली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग शोधणाऱ्या हौशी मंडळींना या धंद्यात शिरकाव मिळाला तो अशा चिपांमुळे.

पुढे २००५ मध्ये, ऑलिव्हेट्टीच्या टंकलेखन यंत्रांनी नावारूपास आलेल्या इटलीतील इव्रेया गावी, मासिमो बान्झी आणि सहकाऱ्यांनी आर्डुइनो हे हौशी मंडळींनाही वापरता येणारे चिपचे पटल निर्माण केले. त्याचा पाया एर्नांदो बारागान यांच्या ‘वायरिंग’ या प्रकल्पाने घातला होता, हे श्रेय मात्र उशिराच ओठांवर आले. यूएसबीची तार जोडावी, आज्ञा लिहावी, चुकल्यास पुन्हा लिहावी, एवढाच व्यवहार उरला.

या सुलभतेची एक बाजू मला खटकते: दुरुस्ती नंतर दूरवरून पाठवू, या भरवशावर अर्धीकच्ची उपकरणे गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जातात, आणि हा व्यवहार सचोटीचा नव्हे. हौशी माणसाचा त्यात दोष नाही; तो स्वतःच्याच चुका सुधारतो, आणि त्यासाठी त्याच्या आर्डुइनो उनोवरील चिपची स्मृती दहा हजार वेळा पुसून लिहिता येते, असे तिचा निर्माताच लेखी देतो.