पेशीतील कॅल्शियम आणि पाषाणची प्रयोगशाळा

धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी आखडते ती कॅल्शियममुळे. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते; पेशीपटलातील वाहिन्या, म्हणजे त्याला आत घेणारी प्रथिनांची दारे, उघडली की ते आत शिरते, कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते आणि स्नायुतंतू एकमेकांवर सरकू लागतात. अशा असंख्य पेशी आखडून राहिल्या की लहान धमन्या अरुंद होतात आणि रक्त पुढे ढकलण्यास अधिक दाब लागतो. ही दारे औषधाने रोखता येतात, हे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी १९६०च्या दशकात दाखवले, आणि याच वाटेने पुढे फायझर कंपनीचे अॅम्लोडिपिन हे रक्तदाबावरचे औषध आले.

या इतिहासात पुण्याचा अध्याय आहे तो औषध घडवण्याच्या रीतीचा. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर तो बनवण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट देण्याचे ठरवले, आणि ठाऊक असलेला रेणू नव्या, स्वस्त मार्गाने बनवण्याच्या विद्येला देशभर बळ मिळाले.

अॅम्लोडिपिनचा रेणू दोन रूपांत असतो; उजवा आणि डावा हात जसे एकमेकांची प्रतिबिंबे असूनही एकावर एक बसत नाहीत, तशीच ही रूपे आहेत. नेहमीच्या गोळीत ती समप्रमाणात असतात, परंतु कॅल्शियमची दारे रोखण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी ‘एस’ रूपच करते. प्रयोगशाळेतील रोहिणी जोशी, रमेश जोशी आणि मुकुंद गुर्जर यांनी ही रूपे विलग करण्याची प्रक्रिया सिद्ध केली व तिला २००३ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. तिच्यातील साधन होते टार्टारिक आम्ल, तेही चिंचेला आंबटपणा देणाऱ्या नैसर्गिक रूपातले. हे आम्ल स्वतःच एका ‘हाताचे’ असल्यामुळे दोन रूपांशी त्याचे होणारे क्षार सारखे विरघळत नाहीत. योग्य द्रावकात एका रूपाचा क्षार स्फटिक होऊन तळाशी बसतो, दुसरा द्रावणात राहतो, आणि गाळणीने दोहोंची फारकत होते. हाती आलेले ‘एस’ रूप शुद्ध आहे की नाही, हे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल ते डावीकडे किती वळवते यावरून पारखता येते.

पुण्यातीलच एमक्युअर कंपनीने एस-अॅम्लोडिपिनची गोळी बाजारात आणली. नेहमीच्या ५ मिलिग्रॅमऐवजी तिची मात्रा २.५ मिलिग्रॅम असते, कारण काम न करणारा अर्धा भाग तिच्यात नसतो. रेणू पुण्यात जन्मला नाही, कॅल्शियमचे कार्यही येथे उलगडले नाही. तरीही रोज घ्यावयाच्या औषधातून अनावश्यक अर्धा भाग वगळण्याची रीत येथे सिद्ध झाली, आणि वैद्यकाच्या इतिहासात अशा रीतींची नोंद शोधांच्या बरोबरीने व्हायला हवी.