मोजक्या विजेचे तीन वाटेकरी

1981 च्या एप्रिल महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथील संगणकांच्या जत्रेत ॲडम ऑस्बर्न या गृहस्थाने जे यंत्र लोकांपुढे मांडले, त्याचे वजन सुमारे 11 किलो असून ते शिवणयंत्राच्या पेटीसारखे दिसत असे. तथापि विमानातील आसनाखाली ते मावत होते आणि 1,795 डॉलरांत मिळत होते, एवढ्या दोन गुणांवर दौऱ्यावर जाणाऱ्या व्यावसायिकाने त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. हा ऑस्बर्न बँकॉकला जन्मलेला, तमिळनाडूत बालपण घालवलेला आणि 2003 साली तेथेच कोडाईकनाल मुक्कामी निवर्तलेला. त्यामुळे आपल्या वाचकाला त्याच्याविषयी किंचित अधिक जवळीक वाटावी. त्याच्या यंत्रात 64 किलोबाइट स्मृती होती, जी त्या काळी भरघोस मानली जाई, परंतु पडदा अवघा पाच इंचांचा होता. टंकलेखन यंत्रावरील ओळ 80 अक्षरांची आणि पडद्यावर मावणारी ओळ 52 अक्षरांची, अशा स्थितीत ताळेबंदाचा उजवीकडचा रकाना पाहावयाचा तर सारा मजकूर बाजूला सरकवावा लागे, म्हणजे डावीकडची नावे दृष्टीआड होत. अंतर्गत बॅटरी तर नव्हतीच. भिंतीतील विजेशी जोडल्यावाचून ते यंत्र चालत नसे.

प्रवासी संगणकाच्या पुढील सर्व इतिहासाचे बीज मला या एका पेटीत दिसते. पडद्याला वीज हवी, स्मृतीला हवी, आणि ती पुरवणाऱ्या बॅटरीला वजन हवे. एकाची भर घालावी तर दुसऱ्याच्या पदरातून काढून घ्यावे लागते. या वाटणीचा निवाडा प्रत्येक कारखानदाराने आपापल्या समजुतीप्रमाणे केला आणि त्याच्या चुकांचा भुर्दंड मात्र दूर कोठेतरी, परगावच्या मुक्कामात, काम अर्धवट राहिलेल्या माणसाने भरला.

1982 साली आलेल्या ग्रिड कंपास या यंत्राने पडद्याची बाजू घेतली. बिल मॉग्रिज याने रेखाटलेली त्याची मॅग्नेशियमची काळी काया मिटवता येत असे आणि आजच्या लॅपटॉपचा आकार तिथूनच रूढ झाला. त्यातील पिवळसर प्रकाशाचा सपाट पडदा सुबक होता, माहिती राखण्यासाठी वीज गेली तरी न पुसणारी ‘बबल’ स्मृती होती, आणि किंमत होती 8,150 डॉलर. अंतराळयानातून ते पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. परंतु बॅटरी त्यातही नव्हती. याच्या नेमके उलट टोक टँडी कंपनीच्या 1983 सालच्या ‘मॉडेल 100’ ने गाठले. त्याचा पडदा केवळ आठ ओळींचा, ओळीत 40 अक्षरे. स्मृती मुळात आठ किलोबाइटची. पण बाजारात कोठेही मिळणाऱ्या चार साध्या सेलांवर ते सुमारे 20 तास चालत असे. वार्ताहरांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि ते रास्तच होते, कारण वार्ताहराला आकड्यांचे तक्ते पाहावयाचे नसतात. त्याला मजकूर लिहून दूरध्वनीच्या तारेने कचेरीत पोहोचवावयाचा असतो. ज्याने आपल्या ग्राहकाचे काम ओळखले, त्याची वाटणी चुकली नाही.

जपानच्या तोशिबा कंपनीने एका वर्षाच्या अंतराने दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या. 1985 च्या ‘टी 1100’ मध्ये फिक्या द्रवस्फटिकाचा पडदा आणि कित्येक तास पुरणारी बॅटरी होती. 1986 च्या ‘टी 3100’ मध्ये नारिंगी प्रकाशाचा देखणा प्लाझ्मा पडदा होता, आणि त्या पडद्याची भूक एवढी, की बॅटरी ठेवण्यात अर्थच उरला नाही.

या सर्वांत मला अत्यंत उद्बोधक वाटते ते 1989 च्या सप्टेंबरात ॲपलने काढलेल्या मॅकिंटॉश पोर्टेबलचे उदाहरण. त्याच्या रचनाकारांनी तिन्ही वाटेकऱ्यांना संतुष्ट करण्याचा प्रामाणिक हट्ट धरला होता. साध्या संगणकातील स्मृती, जिला ‘डायनॅमिक’ म्हणतात, तिच्यातील प्रत्येक अंश म्हणजे सूक्ष्म विद्युत्संचय असतो आणि तो सतत गळत असल्यामुळे सेकंदातून कित्येक वेळा पुन्हा भरावा लागतो. यंत्र निद्रिस्त असले तरी ही भरणी थांबत नाही. ॲपलने तिच्याऐवजी ‘स्टॅटिक’ स्मृती घेतली, जिला अशा भरणीची गरज नसते, परंतु प्रत्येक अंशास अधिक ट्रान्झिस्टर लागत असल्याने जी फार महाग पडते. पडदा 640 बाय 400 बिंदूंचा, प्रत्येक बिंदूस स्वतंत्र ट्रान्झिस्टर असलेला, म्हणून रेखीव. मात्र वीज वाचवण्यासाठी त्यामागे दिवाच ठेवला नव्हता. बॅटरी मोटारगाडीत असते त्या जातीची, शिसे आणि आम्लाची. परिणामी दहा तासांच्या आसपास चालणारे यंत्र सिद्ध झाले खरे, परंतु त्याचे वजन सात किलोंच्या वर आणि किंमत सहा हजार डॉलरांच्या वर गेली. शिवाय बॅटरी पार निकामी झाली, तर भिंतीतील वीज जोडूनही ते सुरू होत नसे. अंधाऱ्या खोलीत पडदा वाचता येत नाही, ही तक्रार इतकी वाढली की 1991 च्या फेब्रुवारीत पडद्यामागे दिवा बसवलेली आवृत्ती काढावी लागली. त्यात स्मृतीही स्वस्त जातीची घेतली, आणि बॅटरीचा अवधी जवळजवळ निम्म्यावर आला. त्याच वर्षाच्या अखेरीस हलकी पॉवरबुके बाजारात येताच हे यंत्र मागे पडले. इतक्या विचारपूर्वक घडवलेल्या वस्तूची अशी वासलात लागावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे 1992 साली आयबीएमच्या थिंकपॅड 700 सी ने 10.4 इंचांचा रंगीत पडदा देऊन व्यावसायिकांची मने जिंकली, आणि सोनीने 1991 साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीने त्याच वजनात पुष्कळ अधिक वीज साठवून दाखवली. या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांस 2019 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाटणीचा तंटा मात्र मिटला नाही, केवळ रक्कम वाढली. आणि तिलाही एक हद्द आहे, कारण विमानकंपनीच्या विशेष परवानगीवाचून 100 वॉट-तासांहून मोठी बॅटरी प्रवाशाला बरोबर नेता येत नाही.

आजही पत्रव्यवहार आणि हिशेब यांसारख्या साध्या कामात सर्वाधिक वीज बहुधा पडदाच घेतो. 3840 बाय 2160 बिंदूंचा पडदा 1920 बाय 1080 च्या चौपट बिंदू बाळगतो, आणि कारभारी माणसाला 14 इंचांवर त्याची क्वचितच जरुरी भासते. स्मृतीची गोष्ट निराळी आहे. वीज वाचवणारी आणि जागा कमी घेणारी स्मृती हल्ली बहुतेक पातळ यंत्रांत मूळ फलकावरच डाग देऊन पक्की केलेली असते. तिला नंतर वाढवता येत नाही. बॅटरी क्षीण झाली तर बदलून घेता येते, पडदा लहान वाटला तर कचेरीत मोठा जोडता येतो. म्हणून यंत्र घेताना दुकानदाराला पहिला सवाल हाच करावा, की स्मृती बदलता येण्याजोगी आहे किंवा नाही. आणि नसेल, तर पडद्याची हौस बाजूला ठेवून, आज लागते तिच्या दुप्पट स्मृती पदरात पाडून घ्यावी.