सही कुणाची?

आवडत्या माणसाची सही जपून ठेवण्याचा छंद काही आजचा नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात तर या छंदाला स्वतःचा इतिहास आहे. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी महात्मा गांधींनी वर्ध्याहून आपली हरिजन-यात्रा सुरू केली. त्या काळात त्यांची सही हवी असेल तर हरिजन फंडासाठी पाच रुपये मोजावे लागत. पाच रुपये म्हणजे तेव्हाच्या मजुराची कित्येक दिवसांची कमाई. सहीचा मोह लोकांना सुटत नाही, हे गांधीजींनी ओळखले आणि त्या मोहालाच कामाला लावले.

त्याच सुमारास वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा राहत होते. १९३२ च्या डिसेंबरात ते या दलित वस्तीच्या गावात आले आणि सूतकताईच्या मजुरीवर पोट भरण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. १९३८ साली ते पवनारला गेले. याच विनोबांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि 'कुराण-सार' तयार केले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. उत्तरायुष्यात ते स्वतःचे नाव न लिहिता 'राम-हरि' अशी सही करू लागले. एकाने सहीला किंमत लावली, दुसऱ्याने सहीतून स्वतःलाच वगळले. सही म्हणजे काय, याची ही दोन उत्तरे आमच्या गावाच्या आसपासच मिळतात.

पण नालवाडीत वाढलेली आमची पिढी या दोघांच्या सहीमागे धावली नाही. आमचा नायक दूरदर्शनवर होता. १३ सप्टेंबर १९९७ रोजी 'शक्तिमान' सुरू झाले आणि २००५ पर्यंत चालले. पुढे पुढे रविवारची दुपार त्याच्याच नावे लिहिलेली असे. ज्या घरी टीव्ही असेल त्या घरी सारा मोहल्ला जमे. त्यात कोण कुणाच्या घरचा, कुणाची शाळा मराठी आणि कुणाची उर्दू, हे कुणी विचारत नसे. मालिकेच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' लागत आणि दात घासण्यापासून खरे बोलण्यापर्यंत सारे आम्ही अम्मीपेक्षा शक्तिमानचे अधिक ऐकत असू. मुकेश खन्ना यांची सही असलेला शक्तिमानचा एक फोटो आमच्या घरी आजही आहे. शाळेचे दाखले आणि निकालपत्रे ज्या पेटीत आहेत, त्याच पेटीत तो आहे. यावरून त्याचा मान लक्षात यावा.

पडद्यावरच्या माणसांशी असे नाते जोडण्याची सवय आपल्याला दूरदर्शननेच लावली. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. मालिकेच्या दीड वर्षाच्या काळात प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रे आली. पुढे सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे यांच्या 'सुरभि'ला १९९३ मध्ये एका आठवड्यात चौदा लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद लिम्का बुकात झाली. पंधरा पैशांचे पोस्टकार्ड हे सामान्य माणसाचे हत्यार होते. पत्र पाठवायचे आणि उत्तरात फोटो किंवा सही येईल म्हणून पोस्टमनची वाट पाहायची, हा घरोघरचा उद्योग होता.

आता मुद्द्यावर येऊ. आपण जी सही जपतो ती अभिनेत्याची असते. त्याच्या तोंडचे शब्द लिहिणाऱ्याची सही कुणी मागत नाही. 'शक्तिमान'चे लेखक गालिब असद भोपाली. 'मैंने प्यार किया' या १९८९ च्या चित्रपटाची गीते लिहिणाऱ्या असद भोपालींचे हे चिरंजीव. उर्दू शिकवणाऱ्याला तर या नावाचे विशेष कौतुक वाटते, कारण मिर्झा गालिब आधी 'असद' हे तखल्लुस लावीत, नंतर 'गालिब'. दोन्ही तखल्लुस एकाच नावात आले आहेत! आणि हे नाव पडद्यावर क्षणभर येऊन जाई. लहानपणी ते आम्ही कधी वाचले नाही.

मुकेश खन्ना यांनी त्याआधी 'महाभारत'मध्ये भीष्म साकारला होता. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात बी. आर. चोप्रांच्या या मालिकेचे चौऱ्याण्णव भाग झाले. त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे. १९२७ साली गाझीपूर जिल्ह्यातील गंगौलीत जन्मलेले, अलीगढला उर्दू शिकवलेले, 'आधा गाँव' ही कादंबरी लिहिणारे राही. मुसलमान माणूस महाभारत लिहिणार, हे कळताच विरोधाची पत्रे आली. राहींनी स्वतःला गंगेचा पुत्र म्हणवून घेत ते काम हाती घेतले. म्हणजे गंगापुत्र भीष्माच्या तोंडी शब्द घातले ते दुसऱ्या गंगापुत्राने. अर्जुन झाले ते फिरोज खान, आणि पुढे त्यांनी अर्जुन हेच नाव धारण केले. राहींच्या संहितेत कथा सांगतो तो काळ. काळाला ना धर्म, ना जात, ना सही.

आपल्या परंपरेत लेखकाला असे पडद्याआड राहावे लागत नव्हते. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते. गझलेच्या मक्त्यात शायराचे तखल्लुस येते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत अभंग लिहिले आणि त्यात आपले नाव गुंफले. म्हणूनच इतक्या शतकांनंतरही ही ओवी, हा अभंग एका मुसलमान संताचा आहे हे कुणाला नाकारता येत नाही. नाममुद्रा ही कवितेच्या आतली सही आहे. ती कापून काढली तर कविताच लंगडी होते. मालिकेला मक्ता नसतो, म्हणून तिच्या लेखकाचे नाव सहज गळून पडते.

हे केवळ मानापमानाचे प्रकरण नाही. या देशाच्या संस्कृतीत तुमचे काय, असा प्रश्न आपल्या मुलांना अधूनमधून विचारला जातो. आमच्या वर्गातील मुलांकडे त्याचे उत्तर नसते, कारण जे उत्तर आहे त्यावर नाव लिहिलेले नाही. कोट्यवधी लोकांनी ज्या संवादांपुढे हात जोडले ते राहींच्या लेखणीतून उतरले होते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. १५ मार्च १९९२ रोजी राही गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जे घडले ते पाहायला ते राहिले नाहीत.

अभिनेत्याची सही जपण्यात काहीच गैर नाही. त्याच्या चेहऱ्यानेच तर शब्द घरोघरी पोचले. पण फोटोला मागची बाजूही असते आणि ती बहुधा कोरीच असते. असा फोटो ज्यांच्या घरी असेल त्यांनी त्या कोऱ्या बाजूवर लेखकाचे नाव लिहून ठेवावे, देवनागरीत आणि उर्दूतही. उद्या पेटी उघडणाऱ्या मुलाने फोटो उलटून पाहिला, तर सही कुणाची आणि शब्द कुणाचे, हे दोन्ही त्याला एकाच वेळी कळेल.