गव्हावरचा आळ

मुळशी तालुक्यातल्या आमच्या जांबे गावात गाजर गवताची ओळख करून द्यावी लागत नाही. बांधावर, रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर ते असतेच. कुणी त्याला चटक चांदणी म्हणते, कुणी काँग्रेस गवत. ते आले कुठून, असे विचारले की जुन्या माणसांचे उत्तर ठरलेले: ‘अमेरिकेच्या लाल गव्हातून.’

हे उत्तर तारखांशी ताडून पाहिले, तर डळमळू लागते. अमेरिकेने पी. एल. ४८० हा कायदा १९५४ मध्ये केला. त्याखालचा भारताशी पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात मात्र ही वनस्पती १९५५ मध्येच दिसली होती. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे आरोपी येण्याआधीच गुन्हा घडलेला.

मग गहू निर्दोष? तसेही म्हणवत नाही. १९५१ मध्येच अमेरिकेने धान्यखरेदीसाठी भारताला १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. त्या धान्यातूनही बी आले असू शकते. शिवाय रॉक्सबर्गने १८१४ मध्ये छापलेल्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीतही या वनस्पतीचे नाव आहे. बी जेमतेम दोन मिलिमीटरचे, आणि एका झाडाला ते हजारोंनी धरते. कोणत्या पोत्यातून पहिले बी सांडले, हे आता सिद्ध होणे नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: त्या वेळी बंदरावर तपासणार कोण होते? किडींविरुद्धचा कायदा १९१४ पासून होता. पण त्याचा रोख पिके खाणाऱ्या किडी आणि बुरशी यांच्यावर. खाण्याच्या धान्यातले तणाचे बी हा धोका आहे, असे दुष्काळाच्या सावटात कुणाच्या मनात येणार? भुकेल्या देशाने पोती मोजली, चाळली नाहीत. त्याची किंमत पुढे शेतकऱ्यांच्या कातडीने मोजली. या गवताने होणाऱ्या त्वचारोगाचे पुण्यातले रुग्ण १९७४ पर्यंत वैद्यकीय नियतकालिकांत पोचले होते.

गंमत अशी, की या गवतावर सोडायला मेक्सिकोतून भुंगेरे आणले, तेव्हा ते आपली पिके खातात का, हे आधी तपासले गेले आणि मगच १९८४ मध्ये बंगळूरमध्ये सोडले. औषधाची परीक्षा झाली. रोग बिनपरीक्षेचा शिरला होता.

आयातीपूर्वी किडीच्या धोक्याचे विश्लेषण करण्याची पक्की चौकट २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाने दिली. त्यात तणांची स्वतंत्र यादी आहे. टंचाईत धान्य आणताना हे नियम सैल करा, अशी मागणी होतेच. अशा वेळी १९५५ चे पुणे आठवावे. गहू त्याच वर्षी खाऊन संपला. गवत सत्तर वर्षे आपण उपटतो आहोत.